संपर्काचे मोजमाप आणि मराठी वाक्य

कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली मानसोपचाराच्या सहा अटी मांडल्या. दोन व्यक्तींत मानसिक संपर्क असणे ही त्यांतील पहिली. तीव्र मनोविकृतीत मात्र हा संपर्कच गृहीत धरता येत नाही. तो प्रस्थापित करण्यासाठी गॅरी प्राउटी यांनी ‘प्री-थेरपी’ ही पद्धती उभारली. परिस्थिती, मुखचर्या, देहस्थिती आणि रुग्णाचे शब्द यांचे प्रतिबिंब उपचारकाने जसेच्या तसे द्यावे, व जे फळले त्याची पुनरावृत्ती करावी, हे तिचे तंत्र होय. संपर्क किती साधला, हे रुग्णाच्या वर्तनावरून मोजावयाचे: माणसे, स्थळे, वस्तू व घटना यांचा उल्लेख, भावनादर्शक मुद्रा वा शब्द, आणि इतरांशी बोललेले शब्द व वाक्ये. अंदाजाच्या जागी मोजता येण्याजोगे वर्तन ठेवले, हे प्राउटींचे श्रेय निर्विवाद आहे.

प्रश्न उरतो तो मापाच्या एककाचा. पेण-रोह्याकडील रुग्णास हे माप लावावयाचे झाल्यास त्याची भाषा आधी पाहावी लागेल. कित्येक दिवस अबोल असलेला रुग्ण भेटीस आलेल्या बहिणीस ‘आलीस?’ एवढेच म्हणतो. मोजणाऱ्याच्या वहीत हा एक शब्द. परंतु या एका क्रियारूपात समोरची व्यक्ती, तिचे लिंग, वचन, तिच्याशी असलेली जवळीक आणि प्रश्न, इतके सारे सामावले आहे. शब्दसंख्या अल्प, संपर्क मात्र पूर्ण.

भावनेच्या बाबतीतही तसेच. ‘पोटात गोळा आला’ ही भीतीची उक्ती आहे. तिची नोंद पोटदुखी म्हणून झाली, तर भावनिक संपर्क मापातून निसटला. आगरी बोलीत ‘ण’चा ‘न’ व ‘ळ’चा ‘ल’ होतो. प्रमाणभाषेत वाढलेल्या निरीक्षकास हा उच्चारदोष वाटू नये. महाडच्या कुणबी बोलीचे घाटगे यांनी १९६६ साली केलेले वर्णन दाखविते की, या बोलींना स्वतःची नियमबद्ध व्यवस्था आहे.

सर्वांत नाजूक बाब प्रतिध्वनीची. दुसऱ्याचे बोल त्याच्यापुढे जसेच्या तसे उच्चारण्यास मराठीत ‘वेडावणे’ म्हणतात, आणि या क्रियापदाचे मूळ ‘वेड’ शब्दातच आहे! ज्यास गावाने वेडा ठरविले, त्यास उपचारकाचा प्रतिध्वनी उपहास वाटला, तर तो मुका होईल. आणि मापपट्टी त्या मौनास संपर्काचा अभाव म्हणेल. दोष तंत्राचा, गुण मात्र रुग्णाचे कमी!

रायगड जिल्ह्यातच, कर्जत येथे, डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा ही संस्था रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांस घरी पोचविते. अशा कार्यात रुग्णाने उच्चारलेले एक ग्रामनाम दहा वाक्यांहून मोलाचे ठरू शकते. वास्तव-संपर्काची प्राउटींची कल्पना येथे सार्थ होते; केवळ संख्येची मोजणी मात्र अपुरी पडते.

म्हणून मापाचा त्याग नको, संस्कार हवा. एकक शब्द नसून उक्ती असावी. दोन निरीक्षकांपैकी एक तरी त्या बोलीचा असावा. आणि रुग्ण आजारापूर्वी किती व कसा बोलत असे, हे आप्तांकडून आधी जाणून घ्यावे. मितभाषी माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्याच बोलण्याशी व्हावयास हवी.