एकवीस पटींचा आकडा कुठून आला?

सर्व्हरलेसवर रिसर्च प्रपोजल लिहायला बसलात की एक पेपर समोर येणारच: जोसेफ हेलरस्टाइन आणि त्यांच्या बर्कलीतल्या सहकाऱ्यांचा ‘सर्व्हरलेस कम्प्युटिंग: वन स्टेप फॉरवर्ड, टू स्टेप्स बॅक’ (सीआयडीआर परिषद, 2019). नाव फर्मास, भाषा धारदार. म्हणूनच जरा सावकाश वाचायचा.

आधी मूळ कल्पना. ॲमेझॉनने 2014 मध्ये लॅम्डा आणलं. तुम्ही फक्त एक फंक्शन लिहायचं आणि ते कशावर चालवायचं ते सांगायचं. एस-थ्रीमध्ये फोटो अपलोड झाला की त्याची छोटी प्रत बनव, वगैरे. सर्व्हर सांभाळायचा नाही, काम नसेल तेव्हा बिल नाही. पेपरचा आक्षेप असा की हे फंक्शन फार तर 15 मिनिटं जगतं, दुसऱ्या फंक्शनशी थेट बोलत नाही आणि डेटा दरवेळी दुरून ओढून आणतं. इथपर्यंत वाद नाही.

पुरावा म्हणून लेखकांनी लॅम्डावर एक न्यूरल नेटवर्क ट्रेन केलं. प्रत्येक फेरीला 3.08 सेकंद लागले. त्यातले 2.49 एस-थ्रीमधून 100 एमबी डेटा आणायला, 0.59 गणिताला. भाड्याच्या साध्या एम-फोर-लार्ज मशीनवर तीच फेरी 0.14 सेकंदांत झाली. निष्कर्ष: लॅम्डा 21 पट हळू आणि 7.3 पट महाग.

आता कागद-पेन घ्या. लॅम्डात सीपीयू मेमरीच्या प्रमाणात मिळतो. ॲमेझॉनच्या माहितीनुसार 1,769 एमबीला एक व्हीसीपीयू. लेखकांनी घेतली 640 एमबी, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश व्हीसीपीयू. समोरच्या मशीनला दोन! गणिताच्या वेळेतला सहापट फरक बहुतेक इथेच संपतो.

लेखकांची बाजूही बघा. गणित शून्य सेकंदांत उरकलं तरी 2.49 उरतातच, आणि ते 0.14 च्या जवळपास 18 पट आहेत. म्हणजे खरी अडचण डेटा आणण्याची, हे त्यांचं म्हणणं टिकलं.

टिकलं का पण? त्या मशीनने तोच 100 एमबी डेटा ईबीएस डिस्कवरून 0.04 सेकंदांत आणला, असं पेपर सांगतो. म्हणजे सेकंदाला 2.5 जीबी. एम-फोर-लार्जची ईबीएससाठीची मर्यादा आहे 450 मेगाबिट, सेकंदाला साधारण 56 एमबी. त्या वेगाने 1.8 सेकंद लागायला हवेत, आणि मग 21 पटींऐवजी दीडपटीच्या आसपास फरक उरतो. डेटा आधीच मेमरीत होता म्हणावं, तर एकूण डेटा 90 जीबी आणि मशीनची मेमरी 8 जीबी. याचा खुलासा पेपरात नाही. माझ्या मते ही या प्रयोगाची सगळ्यात कच्ची बाजू आहे, आणि उद्धृत मात्र नेमका हाच आकडा होतो.

त्यापेक्षा त्यांचा नेता-निवडीचा प्रयोग भक्कम आहे. फंक्शन्स एकमेकांशी थेट बोलू शकत नाहीत म्हणून डायनॅमोडीबीत चिठ्ठ्या ठेवून, पुन्हा पुन्हा डोकावून नेता निवडायचा. एका फेरीला 16.7 सेकंद! असं काम लॅम्डावर कोण करायला जाईल, हा प्रश्न रास्त आहे. पण ही दिरंगाई मेमरी वाढवून जाणारी नाही, ती रचनेतच आहे. प्रपोजलमध्ये आकडा द्यायचाच तर मी हा देईन.

याच गटातल्या काही जणांनी 2020 मध्ये ‘क्लाउडबर्स्ट’ मांडलं. त्यात फंक्शनशेजारीच डेटाचा कॅशे ठेवलाय आणि फंक्शन्सना आपसात निरोपही पाठवता येतात. तो पेपर याच्या शेजारी ठेवून वाचा, आणि सुरुवात प्रयोगांच्या भागापासून करा.