टपालाची थैली आणि वैमानिकाचे प्राण

साहसकथेत मृत्यूचे वर्णन पुष्कळ असते. तो कशासाठी पत्करावा, याचा विचार क्वचित असतो. आंत्वान द सँतेक्झ्युपेरी यांची ‘व्होल द न्वी’, म्हणजे ‘रात्रीचे उड्डाण’ (१९३१), ही फ्रेंच कादंबरी तो विचार करते, म्हणून आम्ही तिला पहिल्या प्रतीची मानतो. ग्रंथकार स्वतः टपालविमाने चालविणारे असल्याने त्यांचे वादळ ऐकीव वाटत नाही.

कथानक थोडके आहे. आगगाडी व आगबोट यांच्यावर दिवसा मिळविलेली आघाडी रात्री थांबल्यास व्यर्थ जाते, म्हणून ब्यूनॉस आयर्सचा अधिकारी रिव्हिएर रात्रीही विमाने सोडतो. पॅटागोनियाहून टपाल आणणारा फाबियाँ वादळात सापडतो. त्याची पत्नी कचेरीत येते. ती फार बोलत नाही; परंतु कर्तव्याइतकेच संसाराचेही सत्य खरे आहे, हे तिच्या केवळ उपस्थितीने रिव्हिएरास उमगते. हा प्रसंग आम्हांस सर्वांत थोर वाटतो.

तथापि ग्रंथकारांचे पारडे अखेर रिव्हिएरकडेच झुकते. पेट्रोल संपत आलेला फाबियाँ ढगांवरच्या चांदण्यात शिरतो, ते वर्णन अप्रतिम आहे. पण त्या सौंदर्याखाली त्याला पाठविणाऱ्याची जबाबदारी झाकली जाते. हा दोष कलेचा नव्हे, न्यायबुद्धीचा होय.

आपल्याकडील उदाहरण येथे उद्बोधक आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ‘पस मॉथ’ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूस उतरले; पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बल्लारीमार्गे मद्रासला नेले. वाट दाखविणारे बिनतारी यंत्र नव्हते. पावसाळ्यात जुहूचे मैदान निकामी होई, तेव्हा मुक्काम पुण्यास हलवावा लागे. ज्यांनी ही सेवा उभारली, त्यांनीच पहिला धोका पत्करला. रिव्हिएर आणि फाबियाँ येथे प्रारंभी तरी एकच होते. म्हणून त्या आज्ञेस नैतिक वजन आले.

वारणानगरच्या वाचकास, जो पहाटेच्या दूधसंकलनाची शिस्त रोज पाहतो, नियमितपणातही शौर्य असते हे सांगावे लागणार नाही. परंतु त्या नियमितपणाची किंमत कोण देतो, आणि ती ठरवितो कोण, हे मात्र प्रत्येक वाचकाने या कादंबरीस विचारावे. तिचे उत्तर आम्हांस मान्य नाही. तिचा प्रश्न मात्र आम्ही शिरोधार्य मानतो.