गोंगाटाच्या कोष्टकातला गहाळ रकाना

ध्वनिप्रदूषणाच्या पाठात डेसिबलचे कोष्टक हमखास असते. कुजबूज ३०, संभाषण ६०, वगैरे. पण आवाज किती वेळ ऐकला, हा रकाना त्यात नसतो. कामगाराच्या कानाला धोका किती, हे मात्र पातळी आणि वेळ या दोहोंवर ठरते.

कारखान्यांच्या नियमांत हा रकाना आहे. पण त्याचा हिशेब सदोष आहे. अमेरिकेच्या 'ओशा' या यंत्रणेच्या नियमानुसार ९० डेसिबलला ८ तास काम चालते आणि दर ५ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला २ तास. आपल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाखालील नमुना नियमांतही हेच कोष्टक आले. वास्तविक १० डेसिबल वाढ म्हणजे ध्वनिऊर्जा दहापट. मग वेळ ८ तासांचा दशांश, म्हणजे ४८ मिनिटेच हवा!

मधूनमधून शांतता मिळून कान सावरतो, हे ५ च्या पायरीमागचे गृहीतक. अखंड खडखडणाऱ्या यंत्रमागांपाशी ही शांतता कुठली? अमेरिकेच्याच 'नायॉश' या संशोधन संस्थेने १९९८ मध्ये ८५ डेसिबलची मर्यादा आणि ३ ची पायरी सुचवली. ४० वर्षांच्या नोकरीत गोंगाटामुळे श्रवणदोष जडण्याचा जादा धोका ९० डेसिबलला २५ टक्के, तर ८५ ला ८ टक्के, असा तिचा अंदाज आहे. अंतःकर्णातील केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

शिक्षकांनी फळ्यावरील कोष्टकात 'वेळ' हा रकाना जरूर वाढवावा. ४८ मिनिटांचे गणित मात्र मुलांनाच सोडवू द्यावे.