दोन ‘आई’ आणि किशोरवयीन मन : साने गुरुजी व बाबुराव बागूल यांच्या कथनातील मैत्री, वियोग आणि अपराध

मराठीत किशोरवयीनांच्या वाचनाचा विचार बहुधा ‘संस्कार’ या एका शब्दाभोवती फिरत आला आहे. पुस्तक मुलाला काय देते, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. मूल त्या पुस्तकाचे काय करते, त्यातील कोणत्या प्रसंगी ते थबकते, कोठे हसते, कोठे पुस्तक मिटून ठेवते, हा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. पाश्चात्त्य समीक्षेत लुईझ रोझेनब्लॅट यांनी १९३८ मध्येच वाचन हा संहिता आणि वाचक यांच्यातील व्यवहार असल्याचे प्रतिपादन केले होते. आपल्याकडे ही दृष्टी अभ्यासक्रमातील एक प्रकरण म्हणून आली. वर्गातील अध्यापनात ती फारशी उतरली नाही. प्रस्तुत लेखात नाशिकच्या भूमीशी निगडित अशा दोन संहितांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. पहिली संहिता साने गुरुजींची ‘श्यामची आई’, तर दुसरी बाबुराव बागूल यांची ‘आई’ ही कथा.

‘श्यामची आई’चे लेखन नाशिकच्या तुरुंगात झाले. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी, गुरुवारी, ते सुरू झाले आणि १३ फेब्रुवारीच्या सोमवारी पहाटे पूर्ण झाले. अवघ्या पाच दिवसांच्या या लेखनाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मात्र लेखनस्थळाचा अर्थ फारसा लावला गेलेला नाही. परकीय सत्तेच्या दृष्टीने अपराधी ठरलेला एक माणूस तुरुंगाच्या कोठडीत बसून स्वतःच्या बालपणीच्या अपराधांची यादी करतो, असे या पुस्तकाचे वर्णन केल्यास ते वावगे ठरू नये. सरकारने ज्या कृत्यासाठी शिक्षा दिली त्याबद्दल त्याला तिळमात्र खंत नाही. खंत आहे ती अधिक फुले मिळावीत म्हणून कळ्या तोडल्याची, भीतीपोटी पोहायला न गेल्याची, पुस्तकांच्या हव्यासापायी केलेल्या चोरीची. अपराध कोणता आणि त्याचा न्याय कोणापुढे व्हावा, याची कायद्याहून निराळी व्यवस्था हे पुस्तक उभी करते. त्या न्यायासनावर आई बसलेली आहे.

या दृष्टीने ‘मोठा होण्यासाठी चोरी’ हे प्रकरण विशेष लक्षणीय आहे. थोर व्हायचे तर पुस्तके वाचली पाहिजेत, पुस्तकांना पैसे लागतात आणि घरात दारिद्र्य. म्हणून हात दुसऱ्याच्या पैशाकडे जातो. बारा-चौदा वर्षांच्या वाचकाला हे तर्कशास्त्र तत्काळ पटते, कारण ते त्याचेच आहे. प्रौढ वाचक या प्रकरणातून प्रामाणिकपणाचा धडा काढतो. किशोर वाचक प्रथम चोराच्या बाजूने असतो, चोरी उघडी पडेल काय या धास्तीने वाचतो, आणि ती उघडी पडल्यावर आपणच पकडले गेल्यासारखा खजील होतो. धडा त्यानंतर येतो, आलाच तर. गुप्तहेरकथा वाचतानाही हे वय असेच भारलेले असते. पण तेथे अपराधी दुसरा कोणीतरी असतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे संकटात सापडतो आणि सुटतो. त्याच्या साहसांनी पिढ्यान्‌पिढ्यांना रिझवले, परंतु त्या कथांत गुन्ह्याची किंमत सहसा कोणी आपले माणूस गमावून मोजत नाही. श्यामच्या गोष्टीत अपराधी आणि वाचक यांच्यात अंतरच उरत नाही.

या पुस्तकाची चौकटही लक्षात घेतली पाहिजे. बेचाळीस रात्रींची ही कथा श्याम आपल्या आश्रमातील मित्रांना सायंकाळच्या प्रार्थनेनंतर सांगतो. राम, गोविंदा, नामदेव, भिका हे श्रोते केवळ शोभेसाठी नाहीत. ते आग्रह करतात, प्रश्न विचारतात, गहिवरतात. कथेला प्रतिसाद कसा द्यावा याचा वस्तुपाठच त्यांच्या रूपाने वाचकापुढे ठेवलेला आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असताना गुरुजी छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत असत. तेव्हा किशोरवयीन वाचक त्यांना कल्पनेने उभा करावा लागला नाही. आईच्या आठवणी आईविषयी बोलण्याच्या ओघात येत नाहीत, मित्रांच्या सहवासात येतात. दुःख सांगण्यासाठी सवंगडी लागतात, ही जाण त्या अनुभवातून आलेली असावी. ‘श्यामची आई’ हे मातृप्रेमाचे पुस्तक म्हणून ओळखले जाते. ते तितकेच मैत्रीचे पुस्तक आहे, हे मात्र समीक्षेने पुरेसे नोंदवलेले नाही.

वियोगाच्या चित्रणात गुरुजींचे सामर्थ्य आणि मर्यादा एकत्र दिसतात. धाकट्या यशवंताचा मृत्यू पुस्तकाच्या आरंभीच येतो. आईचा मृत्यू अखेरीस. ‘भस्ममय मूर्ती’मध्ये श्याम पोहोचतो तेव्हा आई उरलेली नाही. स्वतः गुरुजींच्या मातोश्रींचे १९१७ मध्ये निधन झाले तेव्हाही ते शिक्षणासाठी पुण्यात होते. अंतकाळी जवळ नसणे ही या शोकाची खरी गाठ आहे आणि किशोर वाचकाला ती अश्रूंपेक्षा अधिक खोलवर भिडते. आपण दूर असताना घरी काही घडेल, या भीतीला त्या वयात शब्द नसतात. दुर्दैवाने वर्गात हा भाग शिकवला जातो तो अश्रूंच्या अपेक्षेने. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. त्या चित्रपटाच्या लोकप्रियतेनंतर तर रडणे हाच या संहितेचा अधिकृत प्रतिसाद ठरला. अशा वेळी वर्गात एखादा विद्यार्थी हसतो आणि शिक्षक त्याला उद्धट ठरवतात. वस्तुतः ते हसू बहुतेक वेळा उद्धटपणाचे नसते. चारचौघांत डोळे भरून येऊ नयेत म्हणून त्या वयाने शोधलेली ती पळवाट असते. सगळ्यांनी एकाच ठिकाणी, एकाच प्रकारे हेलावले पाहिजे ही सक्ती साहित्याच्या अध्यापनाला शोभणारी नाही.

ही सक्ती किती क्रूर होऊ शकते, हे बाबुराव बागूल यांनी दाखवले. बागुलांचा जन्म १७ जुलै १९३० रोजी नाशिकरोडलगतच्या विहितगावचा. गुरुजी नाशिकच्या तुरुंगात लिहीत होते तेव्हा ते तीन वर्षांचेही नव्हते. त्यांच्या ‘आई’ या कथेचा आरंभच वर्गात होतो. गुरुजी आईवरील कविता शिकवीत आहेत. मातेचे वात्सल्य, तिची थोरवी, तिचा त्याग यांचे विवेचन रंगात आले आहे आणि सारा वर्ग तल्लीन झाला आहे. त्या वर्गात पांडू नावाचा दलित मुलगा बसलेला आहे. त्यालाही कविता आवडते. तीत त्याला आपली आई दिसू लागते. पण वर्गमित्र तिच्या चारित्र्यावरून त्याला हिणवतात आणि एका क्षणात कविता व आई दोन्ही त्याच्या हातून निसटतात. मजुरी करून त्याला वाढवणारी विधवा आई, तिच्यावर नजर ठेवणारा मुकादम, वस्तीतील कुजबुज यांच्या कचाट्यात त्याचा संशय वाढत जातो. अखेरीस जे पाहू नये ते पाहून तो घरातून धावत सुटतो.

मराठी कथेत वाचन-प्रतिसादाचे इतके भेदक चित्र दुसरे क्वचितच सापडेल. पांडूचा प्रतिसाद ‘चुकीचा’ नाही. कविता त्याच्यापर्यंत पोहोचलेली आहे, किंबहुना इतरांपेक्षा अधिक. परंतु कवितेने गृहीत धरलेली आई आणि त्याच्या घरातील आई यांच्यात जातीची, भुकेची व पुरुषी सत्तेची भिंत उभी आहे, आणि शिकवणाऱ्याला त्या भिंतीची वार्ताही नाही. येथे अपराध कोणाचा? आईचा म्हणावा तर तिला निवड करण्याइतकी मोकळीक कोणी दिली होती? पांडूचा म्हणावा तर तो अजून मूल आहे. बागूल निवाडा देत नाहीत. पण ज्या कवितेने पांडूला स्वतःच्या आईकडे पाहायला शिकवले, तिनेच आईला अपराधी ठरवण्याचा मापदंडही त्याच्या हाती दिला, हे ते लपवीत नाहीत. मैत्रीचेही येथे काही वेगळेच होते. श्यामचे मित्र ऐकण्यासाठी जमतात. पांडूचे वर्गमित्र त्याला बोलूही देत नाहीत. कथेत कोणी मरत नाही, तरीही मुलाने आई गमावलेली असते.

या दोन संहिता एकमेकींसमोर ठेवण्यामागे साने गुरुजींना उणे ठरवण्याचा हेतू नाही. त्यांच्या पुस्तकातही ही भिंत दिसते, आणि ती त्यांनी झाकलेली नाही. ‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणात आई श्यामला महार म्हातारीची मोळी उचलून द्यायला सांगते आणि घरी येऊन आंघोळ करायलाही सांगते. करुणा आणि विटाळ एकाच वाक्यात नांदतात. हे लेखन चालू असताना त्याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर प्रवेशाचा लढा अजून संपलेला नव्हता. पुढे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी उपोषण केले. तेव्हा त्या आंघोळीचा प्रश्न लेखकाच्या मनातून गेला नव्हता, असेच म्हणावे लागते. पण पुस्तकातील त्या म्हातारीला स्वतःची प्रतिक्रिया नाही. ती आशीर्वाद देते आणि कथेबाहेर जाते. आज हे प्रकरण वाचणारी एखादी विद्यार्थिनी श्यामच्या जागी उभी न राहता म्हातारीच्या जागी उभी राहिली, तर तिला त्या आंघोळीचे काय वाटेल? अध्यापकांच्या टिपणांत या प्रश्नाला जागा नसते.

चोरी हा शब्दही दोन्ही लेखकांनी वापरला आहे, आणि तो योगायोग असला तरी बोलका आहे. श्याम पुस्तकांसाठी पैसे चोरतो. बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेत रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी गेलेला तरुण निवाऱ्यासाठी जात लपवतो. कवितेवर प्रेम करणारा सहकारी त्याला मित्र मानतो. जात उघड होताच मैत्री आटते आणि मार सुरू होतो. मदतीला धावतो तो काशीनाथ, ज्याने आपली जात कधी चोरलीच नाही. श्यामची चोरी उघडी पडते तेव्हा त्याला आई परत मिळते. बागुलांच्या नायकाची ‘चोरी’ उघडी पडते तेव्हा त्याने काहीच चोरलेले नव्हते, एवढेच सिद्ध होते. ही कथा किशोरांसाठी नव्हे असा आक्षेप घेतला जातो. पण ज्या वयात मुलाला खोलीची, मैत्रीची आणि आडनावाची किंमत कळू लागते, ते वय हेच आहे.

सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये ‘श्यामची आई’ पुन्हा पडद्यावर आणली. त्यापूर्वी त्यांनी मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीवर चित्रपट केला होता. आणीबाणीच्या काळातील नववीच्या मुलाची ती कहाणी आजच्या विद्यार्थ्याला श्यामपेक्षा जवळची वाटते, कारण तेथे कोणी त्याला रडायला सांगत नाही. तेथेही वियोग आहे. मुलगी गाव सोडून जाते आणि निरोपाचा प्रसंगही त्याच्या वाट्याला येत नाही. बोकील त्यावर भाष्य न करता मुलाला दहावीत जाऊ देतात. मात्र ‘शाळा’तील वर्गात पांडू नाही, असला तरी कथनाचा कॅमेरा त्याच्या बाकापर्यंत जात नाही.

नाशिकमधील महाविद्यालयांत आज पहिल्या वर्षाच्या मराठीच्या वर्गात बसणारी मुले सतरा-अठरा वर्षांची असतात. त्यांच्यापैकी अनेकांनी ‘श्यामची आई’ शाळेत वाचलेली असते, बागुलांचे नाव प्रथमच ऐकलेले असते. दोन्ही ‘आई’ एकाच आठवड्यात, एकीपाठोपाठ एक, कोणताही निवाडा न देता वाचायला दिल्या, तर वर्गात प्रथम शांतता पसरेल. त्या शांततेत कोण कोणत्या प्रसंगी मान खाली घालतो, हे अध्यापकाने पाहावे; प्रश्न त्यानंतर विचारावेत.