एमिलियानी यांचे ‘प्लायस्टोसीन तापमान’ : एक परीक्षण

सेझारे एमिलियानी यांचा ‘प्लायस्टोसीन टेंपरेचर्स’ हा निबंध १९५५ साली ‘जर्नल ऑफ जिऑलॉजी’मध्ये प्रसिद्ध झाला. हिमयुगाच्या अभ्यासात त्याचे स्थान मोठे आहे, याविषयी दुमत नाही. तथापि त्याचे शीर्षक वाचताना एक प्रश्न उपस्थित होतो. एमिलियानींनी मोजले ते तापमान नव्हेच. कॅरिबियन व अटलांटिक सागरांच्या तळातून काढलेल्या गाळात फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म जीवांची कवचे असतात. त्या कवचांतील ऑक्सिजनच्या दोन समस्थानिकांचे, १८ व १६ या वस्तुमानांकांच्या अणूंचे, परस्परप्रमाण त्यांनी मोजले. त्या प्रमाणाला ‘तापमान’ म्हणणे हे मापन नसून वाचन होय.

या वाचनाचा पाया शिकागो येथील हॅरॉल्ड यूरी यांनी १९४७ साली घातला. पाण्यातून कॅल्शियम कार्बोनेट घडताना त्यात जड ऑक्सिजन किती शिरतो, हे पाण्याच्या उष्णतेवर अवलंबून असते. पाणी जितके थंड, तितके कवच जड. (सॉडी यांनी १९१३ मध्ये रूढ केलेल्या मूळ संज्ञेप्रमाणे आपला ‘समस्थानिक’ हा शब्दही एकाच स्थानाचा, म्हणजे साम्याचा, निर्देश करतो, ही सारी पद्धती मात्र त्या दोघांच्या वर्तनातील किंचित भेदावर उभी आहे.) १९५१ साली यूरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्युरासिक काळातील एका बेलेम्नाइटच्या वाढीच्या थरांतून त्या प्राण्याने पाहिलेले उन्हाळे व हिवाळे मोजून दाखविले. इतक्या विलक्षण यशानंतर ‘तापमापक’ ही उपमा अभ्यासकांच्या मनात उपमा म्हणून उरली नाही, यात नवल नाही.

परंतु या तापमापकाला दुसरीही एक राशी ठाऊक असावी लागते : ज्या पाण्यात कवच घडले, त्या पाण्याचीच घटना. समुद्राच्या वाफेत हलका ऑक्सिजन अधिक जातो. हिमयुगात ती वाफ हिमरूपाने खंडांवर साठून राहते आणि मागे उरलेला समुद्र जड होतो. म्हणजे थंडीमुळे कवच जड होते आणि हिमसंचयामुळेही जडच होते. दोन कारणे एकाच दिशेने कार्य करतात, आणि कवच त्यांत भेद करीत नाही.

एमिलियानींना हे अवगत होते. तसे नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी हिमसंचयासाठी सुमारे ०.४ प्रतिसहस्र इतकी वजावट धरली आणि उरलेला सर्व बदल उष्णतेच्या खाती टाकला. त्यामुळे कॅरिबियन पृष्ठजलाचे तापमान हिमकाळात सुमारे ६ अंश सेल्सियसने उतरल्याचे दिसले. वादाचे मूळ या एका वजावटीत आहे.

निकोलस शॅकल्टन यांनी १९६७ साली ‘नेचर’मध्ये मांडलेला आक्षेप साधा, म्हणूनच निरुत्तर करणारा होता. सागराच्या तळाशी राहणाऱ्या फोरॅमिनिफेरांतही जवळजवळ तेवढाच बदल आढळतो. तळाचे पाणी आजच गोठणबिंदूच्या निकट आहे. ते आणखी किती थंड होणार? अर्थात बदलाचा बहुतांश हिमाच्या खाती जातो. पुढे गाळातील रंध्रजलाच्या अभ्यासावरून शेवटच्या हिमकाळातील समुद्राचे जडत्व सुमारे १ प्रतिसहस्र ठरले. एमिलियानींची वजावट त्याच्या निम्मीही नव्हती. तरीही उष्णतेचा अंश शून्यावर आला नाही. कवचांतील मॅग्नेशियम व कॅल्शियम यांच्या प्रमाणावरून २००० साली पॅसिफिकच्या विषुववृत्तीय भागासाठी हिमकाळातील घट सुमारे २.८ अंश निघाली. सागर वेगळा असल्याने ही तुलना काटेकोर नव्हे. पण उष्ण कटिबंधातील समुद्रही थंडावला होता, हे एमिलियानींचे म्हणणे तीमुळे निराधार ठरत नाही.

शीर्षकातील शब्द असा डळमळीत झाला असताना त्याच निबंधातील दुसरी एक योजना अबाधित राहिली, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे. एमिलियानींनी वक्रातील चढउतारांना केवळ क्रमांक दिले : उबदार टप्प्यांना विषम, थंड टप्प्यांना सम. आल्प्समधील चार हिमकालांची नावे मात्र स्थळांशी आणि चार या संख्येशी बांधलेली होती. सागरी गाळात त्याहून अधिक हिमकाल दिसू लागताच ती अपुरी पडली. क्रमांकांना तशी अडचण नव्हती. १९७३ मध्ये शॅकल्टन व ऑपडाइक यांनी ते २२ पर्यंत वाढविले आणि भूचुंबकीय व्युत्क्रमाच्या आधारे त्यांना नवा कालक्रम दिला. एमिलियानींच्या तारखा बदलल्या, टप्पे तेच राहिले. तिसरा टप्पा विषम असूनही पूर्ण उबदार नाही. पाचव्याचे तर पाच उपविभाग करावे लागले आणि त्यांपैकी सर्वांत जुना तेवढाच खरा आंतरहिमकाल ठरला. तरीही क्रमांक बदलावे, असे कोणास वाटलेले दिसत नाही.