पोथीची बळकटी म्हणजे काय?

मंडळी, वालावलसारख्या दमट हवेत घरातली पोथी ठिसूळ झाली, की आपल्याला पहिल्यांदा सुचतं ते लॅमिनेशन. आपण आज त्याचीच चिकित्सा करू. १९३० च्या दशकात अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी सेल्युलोज ॲसिटेटचं लॅमिनेशन रूढ केलं. पुढं तीच पानं सोडवायची वेळ अभिलेखागारांवर आली. पान भक्कम झालं, पण अडकलं.

काजळीची शाई डिंकातली, पाण्यानं पसरते. म्हणून जाणकार मद्यार्कात विरघळवलेलं क्लूसेल-जी लावतात. चामड्याच्या बांधणीतून लाल भुकटी सुटते तेव्हाही तेच, कारण असं चामडं पाण्यानं काळं पडतं. फाटलेल्या कोऱ्या कडेला जपानी कागद नि गव्हाची खळ. ती ओलाव्यानं सुटते, पण आपल्या पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरते.

'हे केव्हाही काढता येतं' या दाव्यावर मात्र आमचा आक्षेप आहे. खळ निघेल; पानात मुरलेलं क्लूसेल पूर्ण निघत नाही. म्हणून अक्षर गळत असेल तिथंच, तेवढंच लावावं. बाकी सुट्या पानांच्या पोथीला दोन फळ्या, सुती बासन आणि कोरडी जागा, हीच पहिली बळकटी.