कुशावतीच्या कातळावरील रेषा

कमरीपेठेतून कुलदेवतेच्या दर्शनास गोव्यात उतरणारी कुटुंबे मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा या देवस्थानांचे वैभव डोळे भरून पाहतात. त्याच गोव्यात, सांगे तालुक्यातील रिवण गावापलीकडे उसगाळीमळ येथे, कुशावती नदीच्या काठी या देवळांहून कितीतरी प्राचीन असे कलाधन उघड्या आभाळाखाली पडून आहे. त्याकडे केवळ कुतूहलाने न पाहता कलाकृती म्हणून पाहावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गाळाखाली दडलेला हा जांभ्याचा कातळ १९९३ साली गावकऱ्यांच्या सांगण्यावरून पुरातत्त्वज्ञांच्या दृष्टीस पडला. त्यावर १०० हून अधिक आकृती कोरलेल्या आहेत. त्यांत बैल आहेत, हरणे आहेत, मानवी आकृती आहेत आणि एकात एक फिरत जाणारे एक मोठे वेटोळेही आहे. जांभा हा सच्छिद्र व खरबरीत दगड. नाजूक कलाकुसरीस तो दाद देत नाही. त्या अनाम कलावंताने ही अडचण ओळखूनच आपली रेषा रुंद व ठसठशीत ठेवली. जनावराच्या देहाचा डौल त्याने बाह्यरेषेवरच तोलून धरला आहे. तपशील नाहीत म्हणून या कामास ओबडधोबड म्हणणे न्यायाचे होणार नाही. काय गाळावे हे ज्यास कळले, त्याचा हात कच्चा नव्हे.

वेटोळ्यास पाहताच आपल्या मुखी चक्रव्यूह हा शब्द येतो. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरात बाराव्या शतकातील शिल्पींनी अभिमन्यूचा चक्रव्यूह असाच वेटोळ्याने दाखविला आहे. परंतु तेथे रेषेच्या पाठीशी महाभारताची कथा उभी आहे. येथे कथेचा आधार नाही. पाहणाऱ्याची दृष्टी वळणावळणाने आत ओढली जाते, ती केवळ रेषेच्या बळावर. आपल्या पुराणांतील नाव या आकृतीस देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण नाव मिळताच पाहणे थांबते, हा आमचा मुख्य आक्षेप आहे. काळाविषयीही तेच. कोणी ही चित्रे मध्याश्मयुगातील मानतात, कोणी बरीच अलीकडची. हजारो वर्षांचा मोठा आकडा सांगितल्याने रेषेचे मोल वाढत नाही, लहान सांगितल्याने घटतही नाही.

पाहण्याच्या हव्यासालाही मर्यादा हवी. सहारा वाळवंटातील तासिली येथील गुहाचित्रांच्या प्रतिकृती घेण्यासाठी १९५६ साली आंरी लोत यांचे पथक गेले. रंग उठून दिसावेत म्हणून चित्रे ओली करण्यात आली, आणि त्यायोगे त्यांतील कित्येकांची हानी झाली. कुशावतीच्या काठी रंग नाहीत, कोरीव रेषा आहेत. तरी त्या खडूने गिरवणे, त्यांवरून पादत्राणे घालून फिरणे हेही त्याच हव्यासाचे प्रकार होत.

आपण देवस्थानांची माणसे. पाषाण दिसताच तेल, शेंदूर वा कुंकू लावण्यास आपला हात पुढे होतो. त्या भक्तीचा आम्ही अनादर करीत नाही. परंतु गर्भगृहाच्या उंबरठ्याबाहेर थांबून दर्शन घेण्याची शिस्तही आपल्यास देवळानेच लावली आहे. तीच शिस्त या कातळाशी पाळावी. सकाळच्या वा सायंकाळच्या तिरप्या उन्हात, कडेला उभे राहून, हात न लावता पाहावे. त्या उन्हात खाचांतून सावली भरते आणि रेषा आपोआप उमटून येतात.